तिकडे विचारतात

नवरा तीन वर्षांनी सुट्टीवर आला आणि पहिल्याच संध्याकाळी स्वतःच्या झोपायच्या खोलीचं दार वाजवून बाहेर उभा राहिला. ती आत कपड्यांच्या घड्या घालत होती. कोण आलं म्हणून तिने दार उघडलं, तर हा. "येऊ का?" म्हणाला. ती बाजूला झाली. लागलं तिकडचं वारं, एवढंच तिच्या मनात आलं.

तो परदेशात लिफ्ट दुरुस्त करायचा. इथे असतानाही तेच करायचा, पण तेव्हा तो ग्रीसने माखलेला, हाक मारली की आतल्या खोलीतून "काय आहे?" म्हणून खेकसणारा माणूस होता. आता आलेला गृहस्थ पाण्याचा पेला हातात घेऊन "थँक्यू" म्हणत होता, तेही पेल्याकडे बघून.

फोनवर त्याच्या गोष्टी ऐकायला तिला मजा यायची. तिकडे माणूस रस्ता ओलांडायला पुढे झाला की गाड्या थांबतात. मुकादम ओरडत नाही, हे काम करशील का म्हणून विचारतो. कुणाकडे जायचं तर आधी कळवून. फोनवर होतं तोवर हे सगळं गोड होतं, आता ते घरात मांडी ठोकून बसलं. हा कोपऱ्यावर पांढऱ्या पट्ट्यांपाशी गाड्या थांबायची वाट बघत उभा राहिला, तर शेवटी दूधवाल्याने "काका, चक्कर येतेय का?" असं विचारून हात धरून पलीकडे नेलं. शाळेपासूनचा मित्र सहज डोकावला, त्याला याने "फोन करून यायचं ना" असं सुनावलं. मित्र हसला, उभ्याउभ्या चहा प्यायला आणि परत फिरकला नाही.

ती औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायची. दिवसभर उभं राहून पाय भरून यायचे, घरी आल्यावर सासूबाईंच्या गोळ्या, स्वयंपाक, भांडी. एकदा ती कणीक मळत असताना तो म्हणाला, तिकडे बायका कामावरून आल्या की आधी पाय पसरून बसतात.

"मग स्वयंपाक?"

"दोघं मिळून करतात," असं म्हणून त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

तिला हसू आलं. तिकडे माणसाला एवढं सगळं शिकवतात, मग जेवलेलं ताट उचलायला कुणीच कसं शिकवलं नाही, असं तिने दुकानातल्या मैत्रिणीला विचारलं. तो तास पुढच्या वर्षी असेल, असं मैत्रीण म्हणाली.

अशातच सासूबाई मोरीत घसरल्या. उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता काही दिवस कुणीतरी सतत हाताशी हवं. संध्याकाळी धाकटे दीर आले, बरोबर जाऊ. सासूबाई आतल्या खोलीत पडून होत्या आणि बाहेर त्यांचं काय करायचं ते ठरत होतं.

दिरांचं सगळं डोक्यात पक्कं होतं. ते म्हणाले, दादा वर्षाअखेरीला वहिनींना तिकडे नेणारच आहे, मग आई कायमची आमच्याकडे येईल. तोवर वहिनींनी दुकान सोडून आईजवळ थांबावं. नाहीतरी नोकरी सोडायचीच आहे.

आपण वर्षाअखेरीला परदेशी चाललो आहोत, हे तिला दिराच्या तोंडून कळलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो पंख्याकडे बघत होता.

मग त्याने हात वर केला. "एक मिनिट. तिकडे पेशंटला विचारल्याशिवाय कुणी काही ठरवत नाही. आईला विचारू."

जाऊ तोंड फिरवून हसली. दीर म्हणाले, तिला काय विचारायचं, ती म्हणणार तुम्ही ठरवाल ते. पण त्याला चेव चढला होता. आईला धरून बाहेर आणलं, खुर्चीत बसवलं, स्वतः समोर स्टूल ओढून बसला आणि दुभाष्यासारखं एकेक शब्द सुटा करून विचारलं, "आई, तुला कुठे राहायला आवडेल?"

"तुम्ही ठरवाल ते," सासूबाई म्हणाल्या.

दिरांनी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. त्याने पुन्हा विचारलं. आमचं सोड, तुझं सांग.

सासूबाईंनी प्लास्टरवरून डावा हात फिरवला. त्यांना आजवर कुठलीही गोष्ट कुणी विचारली नव्हती, सुनेनेसुद्धा नाही. ती भाजीही आपल्या मनाने करायची.

"मला बहिणीकडे जायचंय," त्या म्हणाल्या. "राहायला. कायमचं."

त्यांची विधवा बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. कधीमधी कुणाच्या लग्नात दोघी भेटायच्या आणि कोपऱ्यात बसून कुजबुजायच्या.

दीर उसळले. दोन मुलगे जिवंत असताना आई बहिणीच्या दारात, लोक शेण घालतील तोंडात. तिला वाटलं, आता नवरा काहीतरी तिकडचं सांगेल. तो स्टूलवरून उठला. चेहरा उतरलेला.

"असं कसं, आई? नीट विचार कर. तू आता दुखण्यात आहेस." मग बायकोकडे वळून म्हणाला, "तू जरा समजाव हिला."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या थाटात विचारायचं आणि उत्तर आपल्या मापाचं निघालं नाही की म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही म्हणायचं.

"आईंना विचारलंत, त्यांनी सांगितलं," ती म्हणाली. "मला कधी विचारणार होतात?"

"काय?"

"मला तिकडे यायचंय का, ते."

तो खरोखरच गोंधळला. "तुला काय विचारायचं? तू तर घरचीच."

यावर जाऊसुद्धा हसली नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही मुलगे रुसून बसले, म्हणून तीच सासूबाईंना रिक्षाने घेऊन गेली. पायाशी कपड्यांची पिशवी होती. वाटेत सासूबाईंनी विचारलं, तुला वाईट वाटलं ना? वाटलं, ती म्हणाली. खोटं बोलायची ती वेळ नव्हती. इतकी वर्षं हिच्या गोळ्या सांभाळल्या आणि हिला बहीण हवी, हे घशात अडकलंच होतं.

"तुझं काही चुकलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "पण तुझ्याशी भांडता येत नाही गं. तू सगळं मुकाट्याने करतेस. माणसाने बोलायचं कुणाशी?"

बहिणीने दार उघडल्या उघडल्या, हात मोडेपर्यंत आठवण नाही झाली का, असं फाडकन विचारलं. सासूबाईंनी तितक्याच जोरात उत्तर दिलं. पिशवी आत ठेवून ती निघाली तेव्हा दोघींचं खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून जुंपलं होतं.

नवऱ्याची सुट्टी संपली. शेवटच्या दिवसांत खोलीचं दार वाजवणं आपोआप बंद झालं होतं. परत गेल्यावर काही दिवसांनी, ती दुकानात असताना, त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने घसा खाकरला आणि विचारलं, "तुला इकडे यायचंय का?"

"नाही," ती म्हणाली.

त्याला वाटलं असेल, विचारलं की हो म्हणायचं असतं. मग तो दुखावल्या आवाजात म्हणाला, निदान थोडे आढेवेढे तरी घ्यायचे. तिने काउंटरवरचं गिऱ्हाईक दाखवल्यासारखा हात केला, जणू त्याला ते दिसणार होतं, आणि फोन ठेवला. समोरच्या बाईला खोकल्याचं औषध हवं होतं.