चावडीतला रिकामा पाळणा

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी सोपानराव मास्तरांनी घोडनदीच्या जुन्या पेठेत, वेशीलगतच्या चावडीत संग्रहालय मांडलं. घरोघर फिरून त्यांनी तलवारी, अडकित्ते, समया, पाटे-वरवंटे गोळा केले. प्रत्येक वस्तूपुढे क्रमांकाची पाटी लावली, दारात ‘हात लावू नये’ असा फलक टांगला. पण लोक रेंगाळायचे ते पेठेतल्या लालबीनं दिलेल्या पाळण्यापाशी. रंगीत लाकडाचा, वर डुलत्या पोपटांचं चिमणाळं टांगलेला. पेठेत कुणाकडेही मूल झालं की तो मागून नेत. निम्मी पेठ त्यात झोपून मोठी झाली होती.

मास्तरांची सून कुमुदिनी रोज दुपारी तिथं येई. ती पुण्याला बी.ए. झालेली. बालसंगोपनाचं पुस्तक तिनं जवळजवळ पाठ केलं होतं, पण तिची चिमी काही पुस्तकाप्रमाणं वागत नव्हती. गेला महिनाभर सारखी किरकिर, पाय पोटाशी घेऊन रडणं. चावडीत मात्र चिमी गप्प होई. मास्तरांची पाठ वळली की कुमुदिनी पाळण्याला झोका देई, पोपट डुलू लागत आणि चिमी तोंड उघडं टाकून बघत राही. दिवसभरात तेवढा वेळच कुमुदिनीचा जीव थाऱ्यावर असे.

एका दुपारी ती झोका देत असतानाच लालबी दारात आली. तिनं पुढं होऊन पाळणा दोन्ही हातांनी थोपवला.

“रिकामा पाळणा हलवत्यात व्हय, बाई? लेकराचं पोट दुखतं.”

लालबीची सून पोटुशी होती. येणारं जाणारं पोर पाळण्याला ढकलून जातं हे तिच्या कानावर आलंच होतं. आता डोळ्यांनी पाहिलं. उद्याच पाळणा घरी नेते म्हणाली. मास्तर धावत आले. याला शास्त्रीय आधार नाही, असं त्यांनी बरंच समजावलं.

“ते तुमच्या सुनंला सांगा, मास्तर,” लालबी म्हणाली.

कुमुदिनीही तेच सांगणार होती. पण महिनाभर हा झोका तिच्याच हातानं चालला होता आणि महिनाभरच चिमीचं पोट दुखत होतं. दोन गोष्टी अशा एकीला एक जोडू नयेत, हे ती कॉलेजात तर्कशास्त्रात शिकली होती. तरी तिनं पाळण्यावरचा हात काढून घेतला.

पाळणा गेला की पोपट गेले, दुपारही गेली. तिची नजर चावडीभर फिरली आणि पाट्यावरच्या वरवंट्यावर थांबली. चिमीच्या बारशाला पाळण्यात आधी वरवंटाच घातला होता. बायकांनी त्यालाच बाळ म्हणून झोका दिला होता.

“मावशी, पाळणा रिकामा नसला तर राहू द्याल?”

तिनं चिमीला लालबीच्या मांडीवर दिलं, वरवंटा उचलला आणि त्याला चिमीचं टोपडं चढवलं. स्वयंपाकघर विभागातली वस्तू दुसऱ्या विभागात जाते म्हणून मास्तर कळवळले. लालबीचं लक्ष भलतीकडंच होतं.

“मान धरा की नीट. असं उचलत्यात व्हय लेकराला?”

कुमुदिनीनं निमूटपणे वरवंट्याच्या मानेखाली हात घातला.

लालबीनं स्वतःच झोका दिला. पोपट डुलले, चिमी खुदकन हसली. पुढं चिमीचं पोट दुखणंही थांबलं. डॉक्टर म्हणाले, या वयात ते आपोआप थांबतंच. कुमुदिनीनं मान डोलावली. पण चावडीत शिरल्यावर आधी पाळण्यात डोकावून बघायची सवय तिला लागली ती लागलीच. पेठेतल्या बायका येता-जाता झोका देऊ लागल्या. शेवटी मास्तरांनी फलकावरची अक्षरं पुसून ‘झोका हळू द्यावा’ असं लिहिलं.

श्रावणात लालबीला नात झाली. आता पाळणा जाणार, असं कुमुदिनीनं धरूनच ठेवलं. लालबी आली ती मात्र सून, नात आणि शेजारणी घेऊनच. पाळणा घरी नेला तर ह्यानं कुठं निजायचं, असं तिनंच वरवंट्याकडं बोट करून उलट विचारलं. नातीचं नाव इथंच ठेवायचं ठरलं होतं.

वरवंटा बाहेर निघाला. मास्तर तो घेऊन पाट्याकडे वळले.

“खाली ठिवू नका,” लालबी म्हणाली. “मांडीवर घ्या.”

नातीचं नाव ठेवून होईपर्यंत सोपानराव मास्तर तलवारींच्या कपाटाला टेकून बसले होते. मांडीवर टोपड्यातला वरवंटा होता, आणि एक हात त्याच्या मानेखाली.