हुकमाचा कागद

देवाजीनं कोरा कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर पेन आडवं टाकलं.

“लिहून द्या, मॅडम. पोरीले नांदाले पाठवा, असं. खाली सई अन् शिक्का.”

चंद्रभागेनं कागदाला हात लावला नाही. ती इचोड्याच्या शाळेत शिक्षिका. दोन हजार दोन साली हैदराबादेत समुपदेशन शिकून आली आणि तेव्हापासून दर शनिवारी शाळेच्याच एका खोलीत लोकांचं ऐकत बसायची. शिकवण एकच होती: सल्ला द्यायचा नाही, समोरच्या माणसावर भरवसा ठेवायचा. देवाजीला या शास्त्राशी काही देणंघेणं नव्हतं. त्याची लेक प्रयाग नवऱ्याचा मार खाऊन तीन महिन्यांपासून माहेरी होती, आणि ‘नका पाठवू’ हे शब्द चंद्रभागेच्या अगदी ओठांवर आले होते.

“कोणाचा तरी हुकूम असला तं बरं, असं वाटते तुमाले,” ती म्हणाली.

“वाटनारच. तीस वर्सं तहसिलीत चपराशी होतो. दुसऱ्याचेच हुकूम पोचवले. माह्यावर कदी बोट नाही आलं.”

“आता तुमच्यावर बोट येईन, याचं भेव हाय.”

“माह्यंच बोलनं मले काऊन वापस देऊन राह्यल्या?” देवाजी चिडला. “पंच म्हनतात पाठव. भाऊ म्हनते पाठव. बायको म्हनते नोको. तुमी शिकल्यासवरल्या, तुमी सांगा!”

चंद्रभागेला स्वतःचाच राग आला. एवढं शिकून माणसाला एक वाक्य देता येऊ नये! तिनं पदराचं टोक मुठीत आवळलं.

“सारे सांगून राह्यले,” ती म्हणाली, “अन् तुमी एकटे पडले.”

देवाजीचा चेहरा उतरला. तो खिडकीबाहेरचे ट्रक पाहू लागला.

“एकटा मी नाही. पोरगी पडली. थे तीन महिन्यांत एक शब्द बोलली नाही. आमीबी कोनी इचारलं नाही.” तो उठला. “बाहीर बसली हाय. बाराच्या बसनं पोचवून देनार होतो.”

त्यानं दारातून हाक मारली. कपड्यांची पिशवी छातीशी धरून प्रयाग आत आली. देवाजीनं तिला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभा राहिला.

“माय, तुले काय वाटते?”

प्रयागनं बापाकडे पाहिलं, मग मॅडमकडे. रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. देवाजी जागचा हलला नाही.

“बा,” प्रयाग म्हणाली, “मले आखीन एकदा इचार.”