दोन पायांवर घेतलेलं माप

"एका पायावर उभा राहणारा माणूस जगात कुणापुढे झुकत नाही," असं काकांनी जाहीर केलं आणि लगेच ते फ्रिजपुढे झुकले. झुकले म्हणजे आदळलेच. फ्रिजवरची औषधांची डबी खाली आली आणि गोळ्या थेट कपाटाखाली गेल्या.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "काढायला वाकाल, तर मला दोघांना बाहेर काढावं लागेल. गोळ्यांना आणि तुम्हाला."

काका म्हणजे निवृत्त शिंपी. दुकान बंद झालं तरी शिलाईचं मशीन वरच्या खोलीत होतं, आणि काका फक्त जेवायला खाली येत. गेल्या महिन्यात योगवर्गासाठी शिवलेला नवाकोरा पायजमा घेऊन ते रुबाबात उतरत होते. शेवटच्या काही पायऱ्या बसून उतरले, स्वतःची इच्छा नसताना.

त्यांची लेक हाडांच्या वॉर्डात नर्स. जिन्यावरून पडलेली माणसं तिला रोज भेटत. त्यांत वडिलांची भर नको होती. तिने वरच्या खोलीला कुलूप ठोकलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि निकाल दिला, "महिन्याभराने येईन, त्या रविवारी एका पायावर उभं राहून दाखवा. नाही जमलं तर मशीन विकून टाकू."

तेव्हापासून बसल्या जागी काकांचा उजवा पाय आपोआप मशीनचं पायडल मारल्यासारखा हलायचा. रात्री स्वप्नात कुणीतरी परका माणूस ते मशीन चालवायचा, तेही तेल न घालता.

योगवर्गाच्या बाईंनी त्यांना वृक्षासन सोपं करून दिलं होतं. पाठ भिंतीला, एक हात खुर्चीवर, पाऊल मांडीऐवजी घोट्याशी, बोटं जमिनीला टेकलेली. काकांना ते मुळीच पटेना.

"हे झाड आहे का? हा कुंपणाला टेकलेला वेल झाला!"

"जन्मभर लोकांचे कपडे सैल करून दिलेत," काकू म्हणाल्या. "एक आसन सैल केलं तर काय बिघडलं?"

"कपडा माणसासाठी असतो."

"आणि आसन काय, फ्रिजसाठी?"

रविवारी लेक आली. वडिलांच्या तोंडाकडे न बघता आधी त्यांच्या पायांकडे बघितलं. स्वयंपाकघरातल्या गॅसवर तिने दुधाचं पातेलं ठेवलं. "दूध वर येईपर्यंत, बाबा. सुरू करा."

काकांनी खास आजच्यासाठी राखून ठेवलेला तो पायजमा घातला होता. एकदम बेताचा, कुठे चुणी नाही. माप स्वतःच घेतलं होतं, आरशासमोर, दोन्ही पायांवर ताठ उभं राहून.

ते मुद्दाम खोलीच्या मधोमध उभे राहिले. भिंत लांब, खुर्ची लांब. त्यांनी पाऊल उचललं, गुडघा बाहेर वळवला आणि टाच मांडीपर्यंत नेली.

बारीकसा आवाज झाला. शिंप्याच्या कानालाच कळेल असा. त्यामागून मागच्या बाजूला गार वारा लागला.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. पाऊल झटकन खाली आलं. एक-एक वीत मागे सरकत त्यांनी भिंत गाठली आणि पाठ तिला अशी चिकटवली की पोपडे निघावेत. खुर्ची पकडली. पाऊल घोट्याशी, बोटं जमिनीवर.

दूध काही वर येईना. काकांचा गुडघा थरथरू लागला. लेकीची नजर त्या गुडघ्यावरून हटत नव्हती. काकूंनी तिच्याकडे पाठ करून हळूच गॅस मोठा केला आणि मग उगाचच ओटा पुसत राहिल्या.

दूध फसफसून वर आलं.

"उतरव गं आई ते!" लेक म्हणाली. मग वडिलांसमोर आली तेव्हा तिचा आवाज जरा ओला होता. "बाबा, मला वाटलं, हट्टाने मधोमधच उभे राहाल. राहिला असतात ना, तर किल्ली मिळाली नसती. रोज बघते मी. 'मला आधार लागत नाही' म्हणणारेच आमच्याकडे येतात. जो भिंत धरतो, तो जिन्यात कठडाही धरेल."

तिने किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. "जा, खोली तुमची."

काका हलले नाहीत.

"अहो, जा की," काकू म्हणाल्या. "महिनाभर जीव टांगणीला लावलात त्या खोलीपायी."

काकांनी पाठ भिंतीपासून केसभरही न हलवता किल्ली लेकीपुढे धरली.

"पोरी, तेवढी तूच वर जाऊन ये. मशीनच्या खणात सुई आहे. आणि पांढरा दोरा आण."