सहा नंबर वॉर्ड, जोडते

परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, जिन्याखालच्या खोलीत, सुमती टेलिफोनच्या बोर्डावर बसायची त्याला आठ वर्षं झाली होती. आठ वर्षांत ती जिना चढून एकदाही वॉर्डात गेली नव्हती. चौकशा मात्र इतक्या, की तिला ऑपरेटर म्हणून घेणाऱ्याने कपाळाला हात लावला असता. फोन जोडायचा आणि बाजूला व्हायचं, असा नियम. ही बाई जोडायची आणि कान तिथेच ठेवायची. कुणाचे टाके कधी निघणार, सलाइन म्हणजे मिठाचं पाणी तर त्याने माणूस उठून कसा बसतो, असले प्रश्न तिला जेवतानासुद्धा पडत.

सहा नंबर वॉर्डाच्या सिस्टर मृणालिनीने तिला बरोब्बर ओळखलं. "एवढं कळून घ्यायचंय तर शीक की!" असं फोनवरच सुनावून तिने दोन अभ्यासक्रमांचे फॉर्म खाली पाठवले. पहिला दीड वर्षाचा, फक्त बाळंतपणं शिकवणारा. दुसरा पूर्ण नर्सिंगचा, साडेतीन वर्षांचा. होस्टेलात राहायचं, तेही नुकत्याच मॅट्रिक झालेल्या पोरींबरोबर. प्रवेश तिशीच्या आत. सुमतीला जूनमध्ये तीस पुरी होणार होती, आणि फॉर्म जानेवारीअखेर द्यायचे होते.

दादरला घरी थोरला भाऊ अच्युत ऐकूनच उखडला. "कायमची नोकरी सोडून बेडपॅन उचलणार? प्रभूंच्या घरात आजवर कुणी स्वतःचा पेला उचलून ठेवलेला नाही!" हे मात्र अगदी खरं होतं. मग जरा निवळून म्हणाला, "हौसच असेल तर छोटा कर. लवकर आटपेल."

सुमतीचाही कल छोट्याकडेच होता. खरं सांगायचं तर ती घाबरली होती. रक्त बघून आपणच आडव्या झालो तर?

त्याच जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली. गोळीबार झाले, कर्फ्यू लागला, पेशंटांना भेटायला येणं बंद झालं आणि बोर्ड दिवसभर खणखणू लागला. रोज चारच्या सुमारास शीवच्या कोळीवाड्यातून हरेश्वरचा फोन यायचा, तिथल्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून. त्याची आई सखुबाई पायाची जखम चिघळून सहा नंबरात पडली होती. सुमती जोडायची, मृणालिनी "बरी आहे" म्हणायची आणि फोन ठेवायची. चाळीस पेशंटांमागे ती एकटी. जास्त बोलायला सवड कुठली?

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत सुमतीने मनाचा हिय्या केला आणि जिना चढली. मृणालिनीचा आवाज ऐकून तिने चांगली धिप्पाड बाई मनात धरली होती. समोर उभी राहिली ती सुमतीच्या खांद्याला लागणारी.

"आलीस? हे धर," म्हणत तिने सुमतीच्या हातात ड्रेसिंगचा ट्रे दिला.

खाटेवर सखुबाईच होती. पट्टी सुटली. आता आपल्याला चक्कर येणार, म्हणून सुमती वाट बघत राहिली. चक्कर काही आली नाही. उलट ती आणखी वाकली.

"हे लाल लाल दिसतंय ते चांगलं की वाईट?"

"चांगलं. नवं मांस आहे. जखम आतून भरत येते आहे."

"आतून का? वरून आधी का नाही?"

"वरून आधी मिटली तर आत पू साठतो." मृणालिनी हसली. "हे तुझे प्रश्न दीड वर्षात मावायचे नाहीत हं."

सखुबाईने सुमतीचा पदर ओढला. "पोरी, माजा हरेश्वर कदी इचारतो काय गो?"

"रोज! चार वाजले की फोन असतो त्याचा."

म्हातारीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. ती आधी घळघळा रडली, मग पट्टी बांधून होताच उठायचा हट्ट धरून बसली. एका बाजूला मृणालिनी, दुसऱ्या बाजूला सुमती, अशी ती चार पावलं चालली. सुमतीचा हात तिने मनगटाशी दुखेपर्यंत आवळला होता, आणि सुमतीला इतका आनंद आठ वर्षांत झाला नव्हता.

चार वाजता फोन आला. सुमतीने जोडला. "बरी आहे," मृणालिनी म्हणाली आणि तिने फोन ठेवला. हरेश्वरने मात्र ठेवला नाही.

"ओ बाय, रोज बरी हाय, बरी हाय. खरा सांगा ना. गेली काय माजी आय?"

पेशंटाबद्दल ऑपरेटरने अवाक्षर काढायचं नाही. काढलं तर नोकरी गेली. सुमतीला हे चांगलं ठाऊक होतं.

"आज चार पावलं चालली," ती म्हणाली. "माझा हात धरून. जखम आतून भरते आहे, म्हणून अजून उघडी आहे. बघाल तेव्हा घाबरू नका."

पलीकडे त्याने जोरात नाक ओढलं.

"तुमी सिस्टर काय?" त्याने विचारलं.

"अजून नाही," सुमती म्हणाली. "साडेतीन वर्षं लागतील."