निवडचं नाव बदलणार नाही

१९८८ साली नाकाडोंगरीजवळच्या आमच्या खाणीच्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर होता आणि त्याच्यावर मी लिहिलेला एक प्रोग्राम होता. 'निवड' टाइप केलं की दिवसभरच्या मँगनीजच्या नमुन्यांतून हलक्या प्रतीचे वेगळे निघायचे. तांदूळ निवडतो तसं, म्हणून हे नाव. दोन वर्षं तो बिनबोभाट चालला.

मग नागपूरच्या मुख्य ऑफिसातून नवे प्रोग्राम आले. त्यातही एक 'निवड' निघाला, पण तो नोंदी निवडून पुसून टाकायचा. एका नावाचे दोन असले की मशीन ठरलेल्या क्रमाने डिरेक्टऱ्या, म्हणजे प्रोग्राम ठेवायचे कप्पे, धुंडाळतं आणि पहिला सापडेल तो चालवतं. नागपूरकरांनी आपली डिरेक्टरी पहिली लावली आणि कोणाला सांगितलं नाही. टायपिस्ट तुलारामभाऊंनी सवयीने 'निवड' टाइप केलं, महिनाभराच्या नोंदी साफ. कागदांवरून त्या पुन्हा भरायच्या म्हणजे आठवडा गेला.

मॅनेजर केशवरावांनी मला बोलावलं. म्हणाले, पुष्पाबाई, तुमच्या प्रोग्रामचं नाव बदला, नुसतं नाव तर आहे.

माझं डोकंच फिरलं. हेच मला लग्नात सांगितलं होतं. माझं नाव चंद्रकला, सासरी मोठ्या जाऊबाईंचंही तेच. एका घरात दोन कशा चालतील? ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने 'पुष्पा' लिहिलं आणि बावीस वर्षांची चंद्रकला संपली. मी तेव्हा गप्प बसले, त्याचा राग मला अजून येतो.

"साहेब, घरी मी जाऊबाईच्या मांगून आली म्हून माहं नाव गेलं," मी म्हटलं. "इथं नागपूरवाले मांगून आले. मंग आता बी माहंच काहून जावं?"

केशवराव म्हणाले, मुख्य ऑफिस ते मुख्य ऑफिस, तुमची नोकरी जाईल. मी म्हटलं, जाऊ द्या. गावात करडीहून दुसरा ईश्वर राहायला आला तर त्याला करडीचा ईश्वर म्हणतात, जुन्याचं बारसं पुन्हा करत नाहीत. मी त्यांच्यादेखतच आमची डिरेक्टरी पहिली लावली आणि नागपूरच्या प्रोग्रामचं नाव 'नागपूरनिवड' केलं.

मशीनमध्ये बदल केला की रजिस्टरमध्ये नाव लिहून सही करायची असे. मी 'चंद्रकला' लिहिलं. केशवरावांनी चष्मा वर केला. म्हणाले, हजेरीपटावर अशी कोणी बाई नाही.

"नसन तं लिवून घ्या," मी म्हटलं.