उठावाची अक्षरं

मित्रांनो, मी खारीच्या शेपटीच्या केसांचा एक जुना ब्रश आहे. मला तर लाकडी दांडी आणि मूठभर मऊपणा एवढंच ठाऊक होतं. सपाट पत्र्यावरचं अक्षर उठून उभं राहतं, हे मला नागपूरच्या देवाजी पेंटरांनी शिकवलं. उजेड वरून डावीकडून यावा, तिथे पांढरी रेघ. सावली खाली उजवीकडे निजावी, तिथे काळी. मग अक्षर असं फुगून येई की येणारेजाणारे बोट लावून बघत.

एकदा देवाजी शिडीवरून पडले. उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. ‘लहानू सायकल स्टोअर्स’ ही पाटी घरात तशीच पडली होती. पिवळी अक्षरं भरून वाळलेली, पण पांढऱ्या-काळ्या रेघांचा उठाव द्यायचा राहिलेला. लहानूनं निरोप धाडला, "उद्या सकाळी उद्घाटन आहे. पाटी नाही लागली, तं पुढची कामं दुसऱ्याले."

देवाजींच्या बायकोनं, सत्यवतीबाईंनी, मला उचललं. संसारभर त्यांनी नुसते रंग कालवून दिले होते. त्या दिवशी मला धरून त्यांचा हात पाण्यासारखा वाहू लागला.

खोली लहान, पाटी लांब. जमिनीवर आडव्या पाटीची पहिले दोन शब्द झाले. ‘स्टोअर्स’पाशी खाट आडवी आली, म्हणून बाई उठून समोरच्या बाजूनं, अक्षरांच्या डोक्याकडे बसल्या आणि तिथून रेघा ओढल्या. पाटी भिंतीला उभी केली, तर काय! ‘लहानू सायकल’ छाती काढून उभं, ‘स्टोअर्स’ पत्र्यात खचलेलं.

देवाजी खाटेवरून हसले. "अवं, सायकल रस्त्यावर अन् दुकान विहिरीत!"

"हासू नका. मले पाहू द्या."

बाई पाटीसमोर बसून राहिल्या. मग कपाळावर हात मारून म्हणाल्या, "मी पलीकडून बसली ना! माझी उजेडाची पांढरी रेघ अक्षराच्या खाली गेली."

"रंग ओला आहे. रॉकेलच्या फडक्यानं पूस."

"पुसून राहिली. तुमी फक्त खाट सरकवा."

"मी? एका हातानं?"

"मंग उतरा तरी!"

देवाजी उतरले. बाईंनी खाट सरकवली आणि त्या योग्य बाजूला बसल्या. माझ्या टोकाशी एकेक अक्षर पत्र्यातून वर येत गेलं, जसं पहाटे विहिरीतून पाण्यानं भरलेलं भांडं वर यावं.

सकाळी पाटी न्यायला आलेल्या लहानूनं ‘स्टोअर्स’वरून बोट फिरवलं. "देवाजी, लाकूड कोरून चिकटवलं का गा?"

"मले काय इचारतं? मी तं खाटेवरून उतरलो, तेवढंच माझं काम."

लहानू बाईंकडे वळला. "वहिनी, दुकानाच्या भिंतीवर पण असंच पाहिजे. लिवसान ना?"

बाईंनी मान डोलावली. मग देवाजींनी डाव्या हातानं मला उचलून त्यांच्यापुढे धरलं. "कोपऱ्यात पेंटरचं नाव राहिलं. तुझं लिव."

पुढे माझे केस झडले. पण बाईंनी मला कधी रंगात वाळू दिलं नाही. म्हणून सांगतो मित्रांनो, कामाच्या वस्तू धुऊन ठेवा. आणि रस्त्यात सुंदर पाटी दिसली, तर क्षणभर थांबून तिचा खालचा कोपराही वाचा.