एका वाक्याची लिफ्ट

"कृपया दरवाजा बंद कीजिए."

दचकू नका. मी लिफ्ट बोलतेय, सोलापुरातल्या अक्कलकोट रोडवरच्या 'निवांत' अपार्टमेंटची. मला तोंडाने एवढं एकच वाक्य येतं. तेही हिंदीत, आणि तेही कुणी माझं दार उघडं टाकलं तरच. बाकी सगळं मी मनातल्या मनात बोलते. आज तुम्ही ऐकायला तयार आहात म्हणून सांगते, नाहीतर माझ्यात शिरलेला माणूस एक तर आरशात बघतो नाहीतर मोबाइलमध्ये.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, वर पंखा आणि दिवा लावला, आत आरसा बसवला. ट्रकमधून इकडे येताना ड्रायव्हर टेंभुर्णीला चहाला थांबला होता, तेव्हा मी डोक्यावर मोकळं आभाळ पाहिलं. तेच पहिलं आणि तेच शेवटचं. इथे आल्यावर मला विटांच्या एका उभ्या बोळात टांगलं. लोक म्हणतात, लिफ्टचं काय, दिवसभर फिरत असते! चार मजले वर आणि चार मजले खाली याला फिरणं म्हणायचं असेल, तर विहिरीतली बादलीसुद्धा मोठी प्रवासीच म्हणायची.

इमारतीचं नाव 'निवांत' कुणी ठेवलं कोण जाणे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्या दिवशी खालची मोटर अशी घरघरते की माझे दोर थरथरतात. मग टाकी भरून वाहायला लागते आणि "मोटर बंद करा हो!" म्हणून चारही मजल्यांवरून हाका सुरू होतात. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं लावून येते. कुणी शेंगाची चटणी कुटत असतं, कुणी गाडी मागे घेताना ती कर्कश धून वाजवत असतं. आणि माझं दार कुणी उघडं टाकलं की सगळे जिन्यात येऊन माझ्या बोळात तोंड घालून ओरडतात, "ए, लिफ्टचं दार लावा रे!"

या सगळ्या गदारोळात माझ्या वाक्याला उत्तर देणारी एकच बाई होती. चौथ्या मजल्यावरच्या पार्वतम्मा. सगळा जन्म यंत्रमागांच्या वस्तीत गेलेला, घरात तेलुगू, बाहेर आपलं सोलापुरी मराठी. गुडघे पार गेलेले. मुलगा आणि सून कामावर गेले की घरात त्या एकट्या. रोज उन्हं कलली की माझ्यातून खाली उतरायच्या आणि फाटकाजवळच्या कट्ट्यावर बायकांत जाऊन बसायच्या. त्यांच्या दिवसात तेवढाच एक विसावा होता. आत शिरायला त्यांना वेळ लागायचा, तोवर माझं वाक्य सुरू व्हायचं. "लावतीय की गं बाई," त्या म्हणायच्या, "लई घाई तुला!" मला फार बरं वाटायचं.

पहिल्या मजल्यावर, अगदी माझ्या दाराला लागून, गंगाधरराव राहतात. कचेरीतून निवृत्त झालेले, कडक पण सरळ माणूस. त्यांच्या पत्नी प्रेमलाताईंना अर्धशिशी आहे. डोकं उठलं की त्या अंधार करून पडून राहतात, आणि भिंतीपलीकडे माझं "कृपया, कृपया" चालूच. शेवटी गंगाधररावांनी सोसायटीच्या बैठकीत विषय काढला. मोटर बंद करता येत नाही, कचऱ्याची गाडी ऐकत नाही, चटणीवाल्या बायकांना कोण सांगणार? मग उरले मी. वड्याचं तेल वांग्यावर निघालं.

पार्वतम्मा एकट्या विरोधात होत्या. म्हणाल्या, "आवाज बंद म्हणजे माग बंद. बंद मागाचा काय भरवसा?" सगळे हसले. मेकॅनिक आला आणि त्याने आवाजाच्या डब्याची वायर कापली. आतल्या धोक्याच्या घंटेचा आवाजही त्याच डब्यातून येतो, हे त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मी मुकी झाले.

आधी मी नुसती बोळात अडकले होते, आता माझ्यातच अडकले. लोकांची दारं लावायची सवय तर दोन दिवसांत सुटली.

तो दिवस पाण्याचा होता. खाली मोटर, घराघरांत मिक्सर आणि टीव्ही. प्रत्येक मजल्यावर माझं एक जाळीचं दार आहे; तिसऱ्यावरचं कुणीतरी नुसतं ओढून गेलं होतं, कडी बसलीच नव्हती. चौथ्यावर पार्वतम्मा आत आल्या, दार लावलं, बटण दाबलं. मी निघाले, माझ्या हादऱ्याने तिसऱ्यावरचं दार सरकलं आणि मी तिसऱ्या-दुसऱ्याच्या मध्येच थांबले. कुठलंही दार उघडलं की थांबायचं, असा माझा नियम आहे. त्या दिवशी मला त्या नियमाचा राग आला.

पार्वतम्मांनी घंटेचं बटण दाबलं. परत दाबलं. काहीच वाजलं नाही. मग त्यांनी माझ्या पत्र्यावर तळहात आपटले आणि घाबरून मायबोलीत ओरडायला लागल्या, "आगिपोयिंदी! लिफ्ट आगिपोयिंदी!"

मला तेलुगू कळतं, इतकी वर्षं माझ्यात बोललं जातंय. आगिपोयिंदी म्हणजे थांबली, बंद पडली. पण मोटरच्या घरघरीतून पहिल्या मजल्यावर पोचलं ते एवढंच: "आग!"

"अहो, कुणीतरी आग म्हणतंय!" प्रेमलाताई किंचाळल्या.

गंगाधरराव जिन्यात आले. "आग लागलीय! सगळे खाली चला! लिफ्ट कुणी वापरू नका, जिन्यानंच या! हरिदास, मेन स्विच पाड आधी!"

शहाणी माणसं. आगीत जे जे करायचं ते सगळं त्यांनी नीट केलं. वॉचमन हरिदासने स्विच पाडला. माझा दिवा गेला, पंखा थांबला, आणि पार्वतम्मा काळोखात राहिल्या. सगळी इमारत जिन्याने धडाधड खाली गेली, माझ्या अंगाला लागूनच. त्या हाका मारत होत्या आणि त्या पायांच्या आवाजात त्यांची हाक कुणालाच ऐकू गेली नाही.

मग त्या खाली बसल्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, आखूड आखूड. त्यांना धरायला मला हात नव्हते. मीच त्यांची भिंत होते. मला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती.

अंगणात हरिदास म्हणत होता, "कुटं हाय आग? धूर तर कुटंच दिसंना की."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, मोटर थांबलीय. मिक्सर, टीव्ही, सगळं थांबलंय. 'निवांत' पहिल्यांदाच निवांत झालं होतं. पार्वतम्मांना त्या शांततेची आणखीच भीती वाटली. त्यांनी माझ्या पत्र्यावर हात ठेवला. "बोल की गं," त्या म्हणाल्या, "आता तरी बोल."

मी कशी बोलणार?

मग त्या स्वतःच बोलल्या. माझ्याच चालीवर, माझ्यासारखाच शेवटचा शब्द लांबवत. "कृपया दरवाजा बंद कीजिए... कृपया दरवाजा बंद कीजिए..."

खाली गंगाधररावांनी कान टवकारले. "हिचा आवाज बंद केला होता ना आपण? कुणी जोडली परत वायर?"

"अहो," प्रेमलाताई म्हणाल्या, "वीज तर बंद आहे. मग लिफ्ट बोलतेय कशी?"

गंगाधररावांचा चेहरा कसा झाला ते मला दिसलं नाही, पण त्यांची पावलं ऐकली. या वयात ते धावत जिना चढले, मागे हरिदास. तिसऱ्या मजल्यावरून हरिदास स्टूल घेऊन माझ्यात उतरला आणि दोघांनी मिळून पार्वतम्मांना वर घेतलं. प्रेमलाताईंनी पाणी पाजलं.

"आग कुटं म्हणले मी?" पार्वतम्मा रडत म्हणाल्या. "आगिपोयिंदी म्हणले. थांबली, थांबली! भ्यालेल्या माणसाला मराठी कुटनं सुचंल?"

माझी वायर दुसऱ्याच दिवशी जोडली. गंगाधरराव स्वतः मेकॅनिकच्या डोक्यावर उभे होते. त्यांनी आधी घंटा वाजवून बघितली. प्रेमलाताई आता डोकं उठलं की कानात कापूस घालतात आणि माझ्याबद्दल कुणापाशी तक्रार करत नाहीत.

पण पार्वतम्मा खाली येत नाहीत. जिना त्यांना उतरवत नाही आणि माझ्यात पाऊल टाकायचं धाडस होत नाही. संध्याकाळी गॅलरीत बसतात आणि वरूनच कट्ट्याकडे बघतात. बायका हात करतात. गंगाधरराव एकदा बोलवायला गेले होते, "चला पार्वतम्मा, मी येतो सोबत." त्या म्हणाल्या, "नगं साहेब, हितंच बरं हाय." मी माझ्या बोळात आणि त्या त्यांच्या घरात, दोघी सारख्याच अडकलोय.

काल त्या आल्या होत्या. एकट्याच. मी चौथ्यावरच उभी होते. त्यांनी जाळीचं दार सरकवलं आणि नुसत्या उभ्या राहिल्या. एक हात दाराला, एक पाऊल उंबऱ्यावर. मी मनात म्हणत होते, या, आत या पार्वतम्मा, आता मी मुकी नाही. पण त्यांना वेळ लागला, आणि दार उघडं राहिलं की माझ्या हातात काही राहत नाही.

"कृपया दरवाजा बंद कीजिए," मी म्हणाले.

"लावतीय गं बाई," त्या हळूच म्हणाल्या. आणि दार लावलं. बाहेरून.

तुम्ही कधी आमच्या इमारतीत आलात, तर आधी चौथ्या मजल्यावर या. त्यांचा हात धरा आणि त्यांना आत घ्या. फक्त जरा लवकर, मी तोंड उघडायच्या आत.